छोटा मॉन्स्टर ट्रक आणि माळव्याची काळी माती : वापरानंतरचा अनुभव

दिवाळीच्या सुमारास घेतलेला, रिमोटवर चालणारा १/१८ मापाचा (खऱ्याच्या अठराव्या हिश्शाएवढा) मॉन्स्टर ट्रक उन्हाळा संपत आला तरी आमच्याकडे आठवड्यातून दोनतीन संध्याकाळी धावतो आहे, आणि खोक्यातून काढला तेव्हापेक्षा आज कितीतरी चांगला चालतो. घेण्याआधी जिथे जिथे चौकशी केली तिथे फक्त वेगाची चर्चा होती. ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली, जास्त ताकदीची) मोटर टाका, मोठी बॅटरी टाका, मग बघा कसा पळतो. इतके महिने चालवल्यावर माझं ठाम मत झालं आहे की या मापाच्या गाडीत पहिला पैसा बेअरिंगला द्यावा, दुसरा शॉक ॲब्सॉर्बरला, तिसरा सर्व्होला, म्हणजे स्टिअरिंग वळवणाऱ्या यंत्राला. मोटरचा नंबर त्यानंतर.

ट्रक कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही. या किमतीत एकच चॅसिस वेगवेगळ्या नावांनी विकली जाते, त्यामुळे नावापेक्षा आत काय आहे ते बघणं कामाचं. माझ्यात चारही चाकांना ड्राइव्ह आहे आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. मूळची मोटर ३९० आकाराची ब्रशवाली, बॅटरी टूएस म्हणजे दोन सेलची, ७.४ व्होल्टची लायपो (लिथियम पॉलिमर), रिमोट पिस्तुलाच्या आकाराचा, २.४ गिगाहर्ट्झचा.

मापाचं गणित एकदा डोक्यात बसलं की पुढचे निर्णय सोपे होतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या बॉब चँडलरने आपल्या फोर्ड एफ-२५० ला मोठाली चाकं लावून ‘बिगफूट’ उभा केला आणि १९८१ मध्ये एका शेतात जुन्या गाड्या त्याच्याखाली चिरडून दाखवल्या, तिथून हा प्रकार फोफावला. आजच्या मोठ्या मॉन्स्टर ट्रकचं चाक ६६ इंच उंच असतं आणि वजन ५४०० किलोच्या आसपास. ६६ ला १८ ने भागलं की ३.६७ इंच येतात. माझ्या ट्रकचं चाक साडेतीन इंचांचं आहे. वजन मात्र लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही अंगांनी कमी होतं, म्हणून १८ च्या घनाने, ५८३२ ने, भागायचं. उत्तर सव्वानऊशे ग्रॅम. बॅटरीसकट माझा ट्रक वजनकाट्यावर जवळपास तेवढाच भरतो, आणि हे पाहिलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

गुरुत्वाकर्षण मात्र लहान होत नाही. दोन फुटांवरून पडणारा हा ट्रक त्याच्या मापाने छत्तीस फुटांवरून पडतो. शिवाय खऱ्या ट्रकला त्या मापाची उडी पुरी करायला जितका वेळ लागेल, त्याच्या चौथ्या हिश्शातच हा जमिनीवर आलेला असतो (१८ चं वर्गमूळ ४.२). शॉकला काम करायला तेवढाच क्षण मिळतो. छोटे ट्रक खडबडीत जागेवर चेंडूसारखे टणाटण उडतात ते यामुळे, आणि तसल्या गाडीत ताकद वाढवली तर ती नुसती जास्त उलटते.

आमची चालवायची जागा म्हणजे इंदूरला राजेंद्रनगरच्या पुढे राऊच्या बाजूचे मोकळे प्लॉट. वर कुठे मुरूम, कुठे गिट्टी, खाली माळव्याची काळी माती. उन्हाळ्यात हिला अशा भेगा पडतात की ट्रकचं पुढचं चाक सरळ आत जातं. जागा मोठी आहे आणि कोणाच्या पायात येत नाही. चिमणबागेच्या मैदानावर एकदोनदा नेला होता, पण तिथे क्रिकेटवाल्या पोरांची गर्दी असते आणि एक किलोची गाडी वेगात कोणाच्या घोट्यावर आदळली तर चांगलंच लागतं. मोकळी जागा नसेल तर हा छंद गल्लीत करू नये, एवढं स्पष्ट सांगतो.

बेअरिंगबद्दल थोडक्यात. माझ्या ट्रकमध्ये चाकांजवळ बेअरिंगऐवजी बुश, म्हणजे गोळ्या नसलेल्या साध्या कड्या, होते. ट्रक उलटा धरून चाकाला बोटाने झटका दिला की ते लगेच थांबायचं. पूर्ण संच बदलला, दोन्ही बाजूंना रबरी सीलवाला, कारण इथली धूळ पिठासारखी बारीक असते आणि पत्र्याच्या सीलमधून आत शिरते. फरक पहिल्याच बॅटरीत कळला: मोटर कमी तापली आणि चालण्याचा वेळ वाढला. सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच.

शॉकवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. मूळचे शॉक म्हणजे नुसत्या स्प्रिंगा, आत तेलाचा थेंब नव्हता. त्यांच्या जागी तेल भरता येणारे शॉक बसवले. भरण्याची रीत नीट पाळावी लागते. दांडा पूर्ण खाली ओढायचा, नळी काठापर्यंत सिलिकॉन तेलाने भरायची, मग दांडा अगदी हळू वरखाली करायचा. पिस्टनच्या भोकांतून बारीक बुडबुडे वर येतात. ते फुटेपर्यंत शॉक उभा करून दहापंधरा मिनिटं हात लावायचा नाही. मग दांडा अर्धा आत ढकलून झाकण बसवायचं आणि जास्तीचं तेल बाहेर सांडू द्यायचं. कानाशी धरून दाबल्यावर ‘पच्’ असा आवाज आला तर आत हवा राहिली आहे, पुन्हा उघडायचा. हिवाळ्यात ३०० सीएसटी (तेलाच्या घट्टपणाचं माप) तेल छान चाललं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर तेच तेल पातळ पडायला लागलं, उडीनंतर पोट जमिनीला घासायला लागलं, म्हणून ४०० घातलं. आता दोन फुटांच्या मातीच्या ढिगावरून उडी मारली की चाकं आधी टेकतात, पोट खाली बसतं आणि एकाच झोक्यात वर येऊन ट्रक पुढे निघतो. टणाटण उड्या बंद. ट्रकला वजन आहे असं पहिल्यांदा वाटलं ते इथे.

सर्व्होची गोष्ट जरा अडचणीची आहे, घेणाऱ्यांनी लक्ष द्यावं. बऱ्याच स्वस्त ट्रकमध्ये रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा) आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) एकाच बोर्डवर असतात आणि सर्व्हो पाच तारांचा असतो. बाजारातला साधा तीन तारांचा सर्व्हो त्या बोर्डला जोडता येत नाही. म्हणजे चांगला सर्व्हो हवा तर रिसीव्हर वेगळा, ईएससी वेगळा आणि रिसीव्हरशी जुळणारा रिमोटही नवा. मी तसं केलं. कनेक्टर, सोल्डर, उष्णतेने आवळणारी नळी हे सगळं जेल रोडवर मिळालं, बारीक स्क्रू आणि नट सियागंजात. धातूच्या दात्यांचा, तीन किलो-सेंटिमीटरच्या आसपास टॉर्कचा (वळवण्याच्या ताकदीचा) सर्व्हो या मापाला भरपूर आहे. आधी गिट्टीत चाक अडकलं की स्टिअरिंग जागच्या जागी थरथरायचं. आता ते खडा बाजूला सारून वळतं. सर्व्हो सेव्हर मात्र काढू नका. धडक बसली की ती स्प्रिंग मार खाते आणि सर्व्होचे दाते वाचतात.

ॲल्युमिनियमच्या पार्टबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही. निळे, लाल, चकचकीत आर्म (चाक धरणारे) आणि टॉवर (शॉक धरणारे) दिसायला सुंदर दिसतात आणि विकणारे संपूर्ण संच गळ्यात मारायला बघतात. पण धडकेचा जोर कुठेतरी जाणारच. प्लास्टिकचा आर्म वाकतो, परत जागेवर येतो, आणि तुटलाच तर तो स्वस्तात बदलता येतो. धातूचा आर्म वाकत नाही, तो धक्का पुढे चॅसिसच्या स्क्रूंना आणि डिफच्या (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) घराला देतो. शिवाय वजन वाढतं, आणि ते चाकांजवळ वाढतं, जिथे शॉकला ते उचलावं लागतं. मी धातू तीनच ठिकाणी वापरला: चाकाचे हेक्स (चाक बसतं ते षटकोनी तुकडे), पुढचे स्टिअरिंगचे कप आणि मोटरचा माउंट. या तीन जागा वाकून चालत नाहीत. धातूत धातू जातो त्या स्क्रूंना निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरतो. प्लास्टिकला मात्र ते लावू नये, तडे जातात.

आता मोटर. बाकी सगळं झाल्यावरच मी ब्रशलेस घातली आणि तीही मवाळ, ४२०० केव्हीची. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाचे किती फेरे, म्हणजे ७.४ व्होल्टवर मोकळी मोटर ३१ हजारांच्या वर फिरते. या ट्रकला ते पुष्कळ झालं. थ्रीएस (तीन सेलची बॅटरी) लावता येते, पण मी लावत नाही आणि लावणारही नाही, कारण डॉगबोन (चाकांना ताकद पोचवणारे दांडे) आणि डिफ त्यासाठी बनलेले नाहीत. पिनियनचा (मोटरवरच्या छोट्या गिअरचा) एक दाता वाढवला तरी मोटरचं तापमान लगेच चढतं. मे महिन्यात मी उलट एक दात्याने लहान पिनियन बसवतो. मोटरवर बोट तीनचार सेकंद ठेवता आलं पाहिजे, नाही तर गाडी थांबवून निवू द्यायची. पिनियन आणि तो फिरवतो तो मोठा स्पर गिअर जुळवताना दोघांत वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबायचं, स्क्रू आवळायचा आणि पट्टी फिरवून काढायची. कागदावर दात्यांच्या ठशांची ओळ उमटली आणि कागद फाटला नाही, तर अंतर बरोबर.

मावठ्याच्या पावसानंतर ओल्या काळ्या मातीत चालवला तेव्हा टायरांच्या खाचा क्षणात बुजल्या आणि साडेतीन इंचांची चाकं फुगून फेंडरला लागली. ही माती ओली असताना मोटर आणि डिफ दोन्हींचा जीव काढते. तेव्हा ओल असेल तर फक्त मुरमावर चालवतो. टायरच्या आतला स्पंज पाणी धरून ठेवतो, म्हणून टायरला दोन ठिकाणी बारीक भोकं पाडली. फिरताना पाणी बाहेर फेकलं जातं. घरी आल्यावर पाण्याच्या धारेखाली धुवायचा नाही. माती वाळू द्यायची, मग रंगाच्या जुन्या ब्रशने झाडायची, ती आपोआप खपल्यांनी निघते.

लायपोबाबत हयगय नको. दर सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, मी ईएससीची कट-ऑफ (जिथे ती मोटर बंद करते) ३.२ वर ठेवली आहे, आणि आठवडाभर चालवायचा नसेल तर ३.८ वर आणून ठेवतो. १५०० एमएएचची बॅटरी दीड अँपिअरनेच भरायची, बॅलन्सची (सगळे सेल सारखे भरणारी) तार लावूनच, आणि समोर बसून. आमच्याकडे हे काम गॅलरीत फरशीवर होतं. गरम बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर कधीच ठेवायची नाही.

भाचा सुट्टीला येतो तेव्हा रिमोटवर वेग ५० टक्क्यांवर बांधून देतो. ट्रक आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं, ते त्याला आधी जमेना. आता तो माझ्यापेक्षा अरुंद भेगांमधून काढतो. “मामा, हा मोठ्या ट्रकसारखा का नाही दिसत उडताना?” असं त्यानेच विचारलं होतं. उत्तर १८ च्या वर्गमुळात, त्या ४.२ मध्ये आहे. मोबाइलवर १२० फ्रेमने टिपायचं आणि ३० ने बघायचं, म्हणजे चारपट संथ. फोन जमिनीला टेकवून धरला की मातीच्या ढेकळांचे दगड होतात, चाकं जड जड फिरतात, बॉडी मागे कलते, आणि एक किलोची गाडी खरोखर पाच टनांची दिसते. आम्ही दोघांनी त्या संध्याकाळी एवढंच केलं.

पॉलिकार्बोनेटची बॉडी उलटून उलटून चाकांच्या कमानीपाशी चिरते. आतून जाळीची पट्टी आणि बूट चिकटवायचा लवचिक गोंद लावला की पुष्कळ टिकते, आणि बाहेरचा रंग तसाच राहतो, कारण तो आतून दिलेला असतो. सगळ्या बदलांना मिळून मूळ ट्रकच्या किमतीएवढाच खर्च आला, त्यातला मोठा भाग रिसीव्हर, ईएससी आणि मोटरचा. बेअरिंग आणि शॉक एवढंच करून थांबलात तरी ट्रक ओळखू येणार नाही इतका बदलतो. फक्त घेण्याआधी त्या चॅसिसचे आर्म, डॉगबोन आणि डिफ सुटे मिळतात का ते बघा. मिळत नसतील तर कितीही स्वस्त असला तरी तो ट्रक घेऊ नका.