क्युबन आणि जर्मन वंशाच्या अमेरिकनांची तुलना: सेन्ससचं तयार टेबल की आयपम्स?

अमेरिकी सेन्सस ब्युरोच्या डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह या साइटवर एस०२०१ हे टेबल उघडा. लोकसमूहाच्या फिल्टरमध्ये हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांतलं असलेल्या) गटांतून क्युबन निवडा, पूर्वजांच्या यादीतून जर्मन निवडा. दोन मिनिटांत दोन रकाने शेजारी शेजारी उभे राहतात: कुटुंबाचं मध्यक (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर, निम्मी खाली असं) उत्पन्न, पदवीधरांचं प्रमाण, दारिद्र्यरेषेखालचे लोक, स्वतःच्या घरात राहणारे. पैसे लागत नाहीत, नावनोंदणी लागत नाही. जर्मन पुढे आणि क्युबन मागे, हेही लगेच दिसतं. आकडे खरे आहेत, पण असे शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला फसवतात. म्हणून या परीक्षणात तयार टेबलाच्या जोडीला मिनेसोटा विद्यापीठाची आयपम्स ही सेवाही घेतली आहे. तिच्यात एकेका माणसाची, नाव-पत्ता काढून टाकलेली नोंद हातात मिळते.

आधी तयार टेबल. त्यामागे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे एसीएस आहे. २००५पासून तो पूर्ण प्रमाणावर चालतो आणि आता वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो. साइट २०१९मध्ये आली, जुनी अमेरिकन फॅक्टफाइंडर २०२०मध्ये बंद झाली. शोध चांगला आहे, एक्सेल फाइल सरळ उतरते, आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्रुटीची मर्यादा छापलेली असते. ही मर्यादा ९० टक्के खात्रीची आहे, हे बहुतेक लोक विसरतात. दोन गटांतला फरक खरा आहे का हे पाहायचं असेल तर दोन्ही मर्यादा १.६४५ने भागा, वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा आणि फरकाला त्याने भागा. उत्तर १.६४५पेक्षा जास्त आलं तरच फरकाबद्दल बोला. जर्मन गट इतका मोठा आहे की त्याची मर्यादा नगण्य असते. सगळी डळमळ क्युबन रकान्यात असते, आणि फ्लोरिडाबाहेरच्या राज्यांत ती फारच वाढते. २०२० सालचं नेहमीचं एक वर्षाचं टेबल मिळणार नाही. साथीमुळे त्या वर्षी उत्तरं इतकी कमी आली की ब्युरोने फक्त प्रायोगिक आकडे दिले. मालिका काढताना ते वर्ष रिकामं ठेवा, मधला आकडा अंदाजाने भरू नका.

खरी अडचण प्रश्नावलीत आहे. क्युबन ठरतो हिस्पॅनिक मूळ विचारणाऱ्या प्रश्नावर. तिथे ‘क्युबन’ असा छापील चौकोन आहे, त्यावर खूण करायची की झालं. जर्मन ठरतो पूर्वज विचारणाऱ्या मोकळ्या ओळीवर. तिथे माणसाने स्वतः लिहायचं असतं आणि पहिली दोनच उत्तरं नोंदली जातात. हा प्रश्न पहिल्यांदा १९८०च्या जनगणनेत आला. १९९०मध्ये त्याखालच्या उदाहरणांत ‘जर्मन’ सगळ्यात पहिलं होतं, आणि सुमारे ५ कोटी ८० लाख लोकांनी जर्मन लिहिलं. २०००मध्ये उदाहरणांतून जर्मन गेलं आणि आकडा ४ कोटी २८ लाखांवर आला. दहा वर्षांत दीड कोटी माणसं कुठे गेली नाहीत. ज्यांचे आजोबा-पणजोबा तीन-चार देशांचे आहेत, त्यांनी त्या दिवशी दुसरं काहीतरी लिहिलं, इतकंच. इतका हलका धागा असलेल्या गटाचं ‘मध्यक उत्पन्न’ शेकड्यापर्यंत मोजून त्यावर भाष्य करणं धोक्याचं आहे.

शिवाय जर्मन रकान्यात जर्मन-आयरिश माणूसही येतो, आणि तोच माणूस आयरिश रकान्यातही असतो. क्युबन रकान्यात एका माणसाला एकच खूण. घराचं उत्पन्न कोणत्या गटात जाईल हे कुटुंबप्रमुख म्हणून ज्याचं नाव पहिलं आहे त्याच्यावरून ठरतं. त्यामुळे क्युबन आई आणि जर्मन वंशाचे वडील असलेलं घर, फॉर्म कोणी भरायला घेतला यावर या किंवा त्या रकान्यात पडतं.

आणि पिढ्या. जर्मनांची वस्ती १६८३मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनपासूनची, मोठी लाट १८८०च्या दशकातली; त्या एका दशकात साडेचौदा लाखांच्या आसपास लोक आले. आज जर्मन वंश सांगणाऱ्यांत स्वतः जर्मनीत जन्मलेले शंभरात दोनही नाहीत. क्युबनांमध्ये अजूनही निम्म्याच्या आसपास लोक क्युबात जन्मलेले आहेत. एस०२०१मध्ये परदेशी जन्माचे किती हे दिसतं, पण उत्पन्न आणि दारिद्र्य त्यानुसार फोडून मिळत नाही. म्हणजे पाचव्या पिढीतला विस्कॉन्सिनचा माणूस आणि तीन वर्षांपूर्वी मायामीत उतरलेला माणूस यांची सरासरी समोरासमोर येते. इथे तयार टेबल सोडावं लागतं.

आयपम्सवर खातं मोफत आहे. कशासाठी वापरणार ते दोन ओळींत लिहावं लागतं. मग नमुना निवडा. एक वर्षाचा एसीएस म्हणजे लोकसंख्येचा साधारण १ टक्का. देशात क्युबन २४ लाखांच्या आसपास धरले तर एका वर्षात २४ हजार नोंदी हाती येतात. राष्ट्रीय पातळीला त्या पुरतात, पण १९८०मध्ये आलेले, वय ५५ ते ६४, पदवीधर, अशा चाळण्या लावत गेलात की शेकड्यात येतात. म्हणून पाच वर्षांची फाइल घ्या. व्हेरिएबल, म्हणजे माहितीचे रकाने, हे लागतील: हिस्पॅन (हिस्पॅनिक मूळ), ॲन्सेस्टर१ आणि ॲन्सेस्टर२ (पूर्वजांचं पहिलं व दुसरं उत्तर), बीपीएल म्हणजे जन्मस्थान, सिटिझन (नागरिकत्व), वायआरइमिग (अमेरिकेत आल्याचं वर्ष), एज (वय), एज्युकडी (शिक्षण), इन्कटॉट (माणसाचं एकूण उत्पन्न), एचएचइन्कम (घराचं उत्पन्न), पॉव्हर्टी (उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किती टक्के), ओनरशिप (घराची मालकी), जीक्यू (घर की वसतिगृहासारखी संस्था), स्टेटफिप (राज्य) आणि प्यूमा (राज्यातला छोटा विभाग). पर्सन वेट आणि हाउसहोल्ड वेट, म्हणजे एक नोंद किती माणसांच्या किंवा किती घरांच्या वतीने आहे ते सांगणारे आकडे, फाइलमध्ये असल्याची खात्री करा. त्रुटीची मर्यादा नीट काढायची असेल तर ८० रेप्लिकेट वेट (त्यासाठीच दिलेले वजनांचे पर्यायी संच) मागवा; फाइल फुगते, पण त्याला पर्याय नाही.

‘सिलेक्ट केसेस’ ही सोय वापरताना अनेक जण अडकतात. वेगवेगळ्या व्हेरिएबलवर अटी लावल्या की त्या ‘आणि’ने जोडल्या जातात. हिस्पॅन ३ (क्युबन) आणि ॲन्सेस्टर१ ३२ (जर्मन) असं एकदम मागितलं तर दोन्ही असलेली मूठभर माणसंच येतील. दोन वेगळ्या फाइली मागवा. जर्मनांसाठी ॲन्सेस्टर१ पुरेसं नाही. दुसऱ्या क्रमांकावर जर्मन लिहिणारेही लाखोंनी आहेत, त्यांची तिसरी फाइल करा आणि जोडताना दुहेरी नोंदी गाळा. फक्त जर्मन, पहिलं जर्मन आणि दुसरं जर्मन असे तीन उपगट करून तिन्हींचे निकाल वेगळे छापणं सगळ्यात प्रामाणिक.

फाइल आली की पहिल्या तासात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. इन्कटॉट आणि एचएचइन्कममध्ये ९९९९९९९ ही रक्कम नाही, ‘लागू नाही’चा कोड आहे; तो काढला नाही तर सरासरी उत्पन्न लाखो डॉलर निघतं. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. पॉव्हर्टीमधली दिसत नाही. तिथे ० म्हणजे ‘लागू नाही’, आणि यात वसतिगृहं, तुरुंग, वृद्धाश्रम अशा ठिकाणची माणसं येतात. ‘१००पेक्षा कमी’ अशी अट लावली की ही सगळी निमूटपणे गरिबांत जमा होतात. अट १ ते ९९ अशीच लिहा. घराचं उत्पन्न मोजताना घरटी एकच ओळ ठेवा आणि हाउसहोल्ड वेट लावा. सगळ्या माणसांच्या ओळी ठेवून पर्सन वेट लावलं तर पाच माणसांचं घर पाचदा मोजलं जातं, आणि आजी-आजोबा, मुलगा-सून एकत्र राहणारी घरं क्युबनांमध्ये जास्त असल्याने निकाल नेमका त्यांच्या बाजूला झुकतो. अशा घरांत कमावते हातही जास्त असतात, म्हणून घराच्या उत्पन्नाशेजारी माणशी उत्पन्न ठेवा.

एक ओळ जवळून पाहा. बीपीएल ४५३, सिटिझन १, हिस्पॅन ०, ॲन्सेस्टर१ आयरिश. जन्म जर्मनीतला, पण आईवडील अमेरिकन. बहुतेक वेळा अमेरिकी लष्करी तळावर जन्मलेलं मूल. जन्मस्थान ४५३ एवढीच अट लावून ‘जर्मन स्थलांतरित’ काढले तर ही सगळी माणसं आत शिरतात. सिटिझन २ (नंतर नागरिक झालेले) किंवा ३ (नागरिक नसलेले) ही अट जोडलीच पाहिजे. क्युबाच्या २५० या कोडला ही अडचण फारशी येत नाही.

क्युबनांना एकच गट मानणं ही तितकीच मोठी चूक. वायआरइमिगने त्यांचे थर करा. क्युबातल्या १९५९च्या क्रांतीनंतर सर्वांत आधी आले ते डॉक्टर, वकील, कारखानदार, आणि त्यांच्यासाठी १९६१पासून खास निर्वासित कार्यक्रम होता, १९६५ ते १९७३ विमानांनी आलेले, १९८०मध्ये मारिएल बंदरातून एप्रिल ते ऑक्टोबर आलेले सव्वा लाख, १९९४चे तराफेवाले, १९९५ ते जानेवारी २०१७ या काळात ‘पाय जमिनीला लागला तर राहा’ या नियमाखाली आलेले, आणि २०२१नंतरचा लोंढा. १९६६च्या क्युबन ॲडजस्टमेंट ॲक्टमुळे यांतल्या बहुतेकांना कायमचं वास्तव्य मिळवणं इतर स्थलांतरितांपेक्षा खूप सोपं गेलं. पहिल्या थराची घरं, धंदे आणि शिक्षण एका टोकाला, शेवटच्या थराचं भाड्याचं घर दुसऱ्या टोकाला. एकत्र सरासरी काढली की दोघांपैकी कोणाचंच चित्र राहत नाही.

वय आणि ठिकाण यांची दुरुस्तीही करावीच लागते. क्युबात जन्मलेले वयस्क, त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुलं-नातवंडं तरुण. २५ ते ५४ असा एकच पट्टा घ्या, किंवा दोन्ही गटांना एकच वयरचना लावा. क्युबनांपैकी सुमारे दोन तृतीयांश फ्लोरिडात, त्यातही मायामी-डेडमध्ये एकवटलेले. जर्मन वंशाचे मध्य-पश्चिमेच्या राज्यांत पसरलेले. मायामीचं घरभाडं आणि नॉर्थ डकोटातलं घरभाडं यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण अधिकृत दारिद्र्यरेषा दोन्हीकडे एकच. निदान एक तुलना मायामी-डेडच्या आतच करा: तिथले क्युबन आणि तिथलेच जर्मन वंशाचे. राष्ट्रीय आकड्यांत दिसणाऱ्या दरीचा किती भाग केवळ ठिकाणामुळे आहे, ते यात कळतं.

दुसरी पिढी हवी असेल तर एसीएस हात टेकतो. आईवडिलांचं जन्मस्थान जनगणनेत १९७०पर्यंत विचारत, नंतर तो प्रश्न गेला. १९९४पासून तो करंट पॉप्युलेशन सर्व्हे (सीपीएस) या दुसऱ्या, रोजगारविषयक पाहणीत आहे, आणि आयपम्स सीपीएसवर मिळतो. मात्र तिथे पूर्वजांचा प्रश्न नाही, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे जर्मन तिथून गायब. क्युबन दुसऱ्या पिढीसाठी अनेक वर्षं एकत्र करावी लागतात. लागोपाठच्या वर्षांत तीच घरं पुन्हा येतात, म्हणून एकाआड एक वर्ष घ्या. एसीएसमध्ये एक छोटी पळवाट आहे. घरात आईवडिलांबरोबर राहणाऱ्या मुलांना पालकांचं जन्मस्थान जोडून देण्याची सोय आयपम्समध्ये आहे. एकच पालक क्युबात जन्मलेला असलेली मुलं काढा आणि त्यांतल्या किती जणांवर क्युबनची खूण नाही ते मोजा. ओळख सुटत जाण्याची जी प्रक्रिया जर्मनांमध्ये शंभर वर्षांपूर्वी झाली, तिची आजची गती यातून दिसते. सुटणारे शिक्षणात सरस असतील तर मागे उरलेल्यांचे आकडे आपोआप घसरतात, आणि ती घसरण समाजाची समजली जाते.

समान टप्प्यावरची तुलना करायची असेल, म्हणजे १८८०च्या दशकात आलेल्या जर्मनांची मुलं आणि १९६०च्या दशकात आलेल्या क्युबनांची मुलं, तर आयपम्सच्या जुन्या जनगणना फाइली हे या सेवेचं सर्वांत मोठं बळ आहे. १८५० ते १९५०पर्यंतच्या संपूर्ण नोंदी तिथे आहेत. १८९०च्या मात्र आगीमुळे जवळपास सगळ्या गेल्या. पण १९४०पूर्वी उत्पन्न विचारलेलंच नाही. त्याऐवजी व्यवसायावरून काढलेला ऑक्स्कोर मिळतो, आणि तो १९५०च्या मध्यक उत्पन्नावर बेतलेला आहे. १९१०चा दारू गाळणारा किंवा बेकरीवाला १९५०च्या मापाने मोजला जातो. १९४०मध्ये उत्पन्न येतं तेही फक्त मजुरी-पगाराचं, आणि ५,००० डॉलरवर कापलेलं. स्वतःची जमीन कसणाऱ्या विस्कॉन्सिन-नेब्रास्काच्या जर्मन शेतकऱ्याची कमाई त्यात शून्य दिसते. १९४०ची तुलना पगारदारांपुरती ठेवा, शेतमालक आणि दुकानदार वेगळे काढून त्यांच्यासाठी घराची मालकी आणि घराची किंमत हे रकाने वापरा; ते १९४०च्या फाइलमध्ये आहेत.