कबड्डीच्या कोचकडून मेडिकल टीमचं ट्रेनिंग: पैसे वसूल झाले काय? (5 पैकी साडेतीन स्टार)

बेळगावात टिळकवाडीला एका हॉलवर गेल्या महिन्यात शनिवार-रविवार हे ट्रेनिंग झालं, माणशी 600 रुपये, दोन्ही दिवसांचं जेवण धरून. फुकट सेवा देणाऱ्या मेडिकल टीमनी मिळून काम कसं करायचं हा विषय आणि शिकवणारा कोण तर कबड्डीचा कोच, सोबत सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून, तोंडानं श्वास देऊन जीव वाचवायची पद्धत) दाखवायला एक सिस्टर. मी चिक्कोडीत मेडिकल चालवतो आणि आषाढीला आमच्याकडच्या दिंडीबरोबर पंढरपूरपर्यंत औषधाचा टेम्पो घेऊन जातो. आम्ही टीममधले अकरा जण गेलतो. खरं सांगायचं तर मी तोंड वाकडं करूनच गेलो, कबड्डीवाला आम्हाला काय शिकवणार म्हणून.

पण गरज होती हे मान्य. गेल्या वर्षी कागवाड सोडून म्हैसाळकडे जाताना एक आजोबा चालता चालता खाली बसले आणि आडवेच झाले, आम्ही आठ जण एकदम धावलो, बीपीचं मशीन मागच्या गाडीत राहिलेलं, ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप कुठल्या पिशवीत ते कुणालाच माहीत नाही, आणि 108 ला लावला काय म्हटलं की जो तो म्हणतोय लावला असेल की. कुणीच लावला नव्हता. नशीब शुगर कमी झालेली आणि आजोबा शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून साखरपाण्यावर भागलं.

कोचनी हा किस्सा मलाच सगळ्यांसमोर सांगायला लावला (लाज गेली ते वेगळं) आणि फरशीवर खडूनं अर्धं मैदान आखलं. चढाईवाला आत आल्यावर सातही जण त्याच्या अंगावर गेले तर काय होतंय? आमच्यातला एक पोरगा ओरडला, लोण! म्हणजे अख्खी टीम बाद. मग त्यांनी समजावलं, एकजण धरतो, शेजारचा साखळी देतो, बाकीचे त्याची परतीची वाट अडवतात, आणि आपली जागा सोडून जो आधी उडी मारतो तोच टीमला बुडवतो. एका पोराला पेशंट म्हणून झोपवलं आणि आम्हाला जागा वाटून दिल्या. एक डोक्याशी, एक छातीशी, एक बॅगवर, एक फोनवर, एक गर्दी मागं सारायला. बाकीच्यांनी दहा पावलं लांब उभं राहायचं, बोलावल्याशिवाय यायचं नाही. हे लांब उभं राहायचंच आम्हाला सगळ्यात जड गेलं, सेवेला आलोय आणि नुसतं बघत उभं राहायचं म्हणजे काय!

फोनवाल्यावर अर्धा तास घालवला ते मला फार आवडलं. आपल्याकडं बॉर्डरवर मोबाइल कुठल्या राज्याचा टॉवर पकडेल याचा नेम नाही, 108 दोन्हीकडं 108 च, म्हणून फोन लागल्याबरोबर आधी राज्य, मग तालुका, मग गाव आणि रस्त्यावरची खूण सांगायची असं ठरलं. आणि जे सांगितलं ते समोरच्यानं परत म्हणून दाखवायचं. "ओआरएस एक लिटरमध्ये एक." "एक लिटरमध्ये एक." आमच्यात हुक्केरीचे दोघं कन्नड बोलणारे आहेत, त्यामुळं दहा-बारा शब्द ठरवून टाकले, मराठी असो नाहीतर कन्नड, तेच वापरायचे.

सीपीआरचं बोलायचं तर मिनिटाला 100 ते 120 दाब, साधारण 5 सेंटीमीटर खोल, 30 दाबांनंतर 2 श्वास, हे बऱ्याच जणांना पाठ होतं. नवीन काय कळलं तर दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचाच. दमलेल्याला आपण दमलोय हे कळत नाही पण दाब उथळ व्हायला लागतो. आमच्या टीमचे डॉक्टर उठेनातच, अजून जमतंय म्हणे. कोचनी शिट्टी मारली, सर, बाहेर. आम्ही सहा वर्षांत डॉक्टरांना असं बोललो नव्हतो, सगळे गप्प. डॉक्टर हसत उठले म्हणून बरं.

जॉन वुडन म्हणून अमेरिकेतल्या बास्केटबॉल कोचची गोष्टही सांगितली, 12 वर्षांत 10 वेळा कॉलेजची मोठी स्पर्धा जिंकलेला माणूस, आणि पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचा काय तर मोजे नीट कसे घालायचे, पायाला फोड येऊ नयेत म्हणून. आम्ही हसलो, कारण दिंडीत आमच्याकडं येणारी निम्मी गर्दी पायाच्या फोडांचीच असते.

आता तक्रारी. सीपीआरच्या सरावाला 22 जणांना एकच पुतळा, नंबर येईपर्यंत हात गार. दुसऱ्या दिवशी फेरारीच्या पिट स्टॉपवरून (शर्यतीत गाडी थांबली की टीम काही सेकंदांत चाकं बदलते ते) लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलनी ऑपरेशननंतर पेशंट आयसीयूत सोपवायची पद्धत कशी सुधारली ते सांगितलं, विषय भारी होता पण प्रोजेक्टर बघत ऐकायचा नव्हे, आमच्याकडून पेशंट ॲम्ब्युलन्सवाल्याकडं सोपवायची प्रॅक्टिस करून घ्यायला पाहिजे होती. दुपारी नुसतं प्रेरणादायी भाषण, मी पेंगलो.

आणि मोठी चूक म्हणजे आरडाओरडा. आमच्या एक नर्सबाई, आठवडाभर ड्युटी करून सुट्टीच्या दिवशी आलेल्या, त्यांचा क्रम चुकला तर कोच मैदानावर ओरडल्यासारखं ओरडले. बाई चहाला म्हणून बाहेर गेल्या त्या परत आल्याच नाहीत. ओरडा खाऊन थांबायला आमच्यात कुणाला पगार आहे की करार आहे? संध्याकाळी मी कोचना बाजूला घेऊन सांगितलं, तर ते म्हणाले, गावच्या संघातली पोरं पण फुकटच खेळतात की, तिथंही असंच दोघं-तिघं सोडून गेले. रात्री त्यांनी स्वतः बाईंना फोन केला. रविवारी बाई आल्या, मागच्या रांगेत बसल्या.

जेवण झकास, शेवटच्या दिवशी कुंदा होता. पार्किंगचे हाल आहेत, बसनं गेलेलं बरं. दोन दिवसांऐवजी पहिलाच दिवस ठेवून 300 घेतले असते तर पाच स्टार दिले असते. आषाढीच्या आधी त्यांना अर्ध्या दिवसासाठी चिक्कोडीला बोलावलंय, येतो म्हणालेत. पुतळा आमचा आम्ही बघतोय, आणि शिट्टी नर्सबाईंच्या हातात राहणार असं आधीच सांगून ठेवलंय.