मुलांसाठीचा कॅफिनविरहित काळा चहा : दातांच्या दृष्टीने परीक्षण

‘मुलांच्या दातांना उपयुक्त, नैसर्गिक फ्लोराइडयुक्त’ असा दावा करणारा कॅफिनविरहित काळा चहा मी महिनाभर वापरून पाहिला. चव सौम्य आहे, रंग चांगला उतरतो. माझा आक्षेप आहे तो दाव्यावर.

चहाचे झुडूप मातीतील फ्लोराइड शोषून पानांत साठवते आणि पान जितके जून, तितका हा साठा अधिक. म्हणूनच कोवळ्या कळ्यांच्या पांढऱ्या चहापेक्षा जून पानांच्या विटांसारख्या दाबीव चहात तो कितीतरी पट आढळतो. पाकिटावर मात्र पाने कोवळी की जून, एका कपात फ्लोराइड किती, याचा उल्लेखच नाही. कॅफिन काढल्याने फ्लोराइड जात नाही, हेही पालकांना सांगायला हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे, आणि साध्या काळ्या चहाचा अर्क ती सहज ओलांडू शकतो.

फ्लोराइड दातांच्या पृष्ठभागाला लागून कीड रोखते, हे खरे. पण साधारण आठ वर्षांपर्यंत कायमचे दात हिरडीत घडत असताना ते पोटात जास्त गेले, तर दातांवर पांढरे, क्वचित तपकिरी डाग उमटतात. त्यात मुलांना चहा साखरेशिवाय रुचत नाही, आणि साखर तर किडीला आमंत्रणच देते.

मोठ्यांनी हा चहा खुशाल घ्यावा. मुलांसाठी मात्र मी तो पुन्हा आणणार नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, तीही थुंकायला लावून, पुरेशी आहे.