मेलचं आर्काइव्ह दुरुस्त करून देतो म्हणाले आणि अख्खा मेलबॉक्स घेऊन गेले

थंडरबर्डला फोन करून मदत मागता येईल असा नंबरच नाही. पुढचं सगळं सोडून कोणी एवढंच वाचलं तरी चालेल. हा मेल प्रोग्रॅम फुकट आहे, लोकांच्या देणग्यांवर चालतो, २०२० पासून मोझिला फाउंडेशनची एक उपकंपनी तो सांभाळते, आणि वापरणाऱ्यांच्या अडचणी बहुतकरून स्वयंसेवकच सोडवतात, त्याही लेखी. आम्ही कधीही फोन करायला सांगत नाही, असा इशारा त्यांच्या मदतीच्या पानावर दिलेला असतो. तरीसुद्धा अडचण सर्चमध्ये टाकली की खऱ्या उत्तरांच्या वर जाहिराती येतात आणि त्यात ठळक अक्षरात नंबर असतो. अशाच एका नंबरवाल्यांनी मला लुबाडलं.

मी भाषांतराची कामं घेते. कोणत्या मजकुराला ग्राहकाने होकार दिला, किती दर ठरला, बिल कधी पाठवलं, सगळ्याचा पुरावा मेलमध्ये असतो. इनबॉक्स हलका राहावा म्हणून जुन्या मेल 'लोकल फोल्डर्स'मध्ये आर्काइव्ह करायच्या, दर वर्षाचा वेगळा फोल्डर, अशी माझी पद्धत. २०१७ चा फोल्डर उघडला तर विषयांची यादी अगदी जागच्या जागी, पण आत भलतंच. बिलाच्या मेलवर क्लिक केलं की कुठल्याशा जाहिरातीचा मजकूर उघडायचा, तोही वाक्याच्या मधूनच सुरू झालेला. दुसऱ्या मेलवर क्लिक केलं तर कोरं पान.

हा बिघाड काय असतो ते आधी सांगते, म्हणजे त्या लोकांनी कशाचे पैसे घेतले ते कळेल. थंडरबर्डमध्ये साधारणपणे एका फोल्डरच्या सगळ्या मेल एकाच लांबलचक टेक्स्ट फाइलमध्ये एकापाठोपाठ एक लिहिलेल्या असतात. या प्रकाराला एमबॉक्स म्हणतात. त्या फाइलच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी 'डॉट एमएसएफ' लावलेली एक छोटी फाइल असते. कोणती मेल मोठ्या फाइलमध्ये नेमकी कुठून सुरू होते याची नोंद त्या छोट्या फाइलमध्ये. पुस्तक शाबूत आहे, फक्त अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकलेत, असाच हा प्रकार. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'रिपेअर फोल्डर'. थंडरबर्ड मोठी फाइल पहिल्यापासून वाचून काढतं आणि नवी अनुक्रमणिका तयार करतं. किंवा थंडरबर्ड पूर्ण बंद करून ती एमएसएफ फाइल डिलीट करायची. पुढच्या वेळी फोल्डर उघडला की ती आपोआप पुन्हा बनते. मात्र डिलीट करताना एमएसएफवालीच करायची. तिच्या शेजारची, नावापुढे काहीच नसलेली जाडजूड फाइल म्हणजे तुमच्या मेल.

फोन उचलणारा गृहस्थ अतिशय सभ्य होता. मी काही सांगायच्या आत त्यानेच विचारलं, "मॅडम, मेल दुसरीच उघडतेय ना? की फोल्डर रिकामा दिसतोय?" इथेच विश्वास बसतो. आर्काइव्हबद्दल तक्रार करणाऱ्यांची तक्रार बहुतेक या दोनपैकी एक असते, हे त्याला पाठ होतं. मग निदान आलं: "तुमचा आर्काइव्ह सर्व्हर एक्स्पायर झालाय." मी म्हटलं, अहो, हे फोल्डर माझ्याच डिस्कवर आहेत, यात सर्व्हर कुठून आला? एक क्षणही न अडखळता उत्तर, "बरोबर मॅडम, तुमचा लोकल सर्व्हरच एक्स्पायर झालाय."

त्याने एक रिमोट अ‍ॅप डाउनलोड करायला लावलं आणि स्क्रीन ताब्यात घेतली. पुढचा खेळ मी जरा सावकाश सांगते, कारण हाच खेळ सगळीकडे खेळला जातो. आधी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या बारीकसारीक घडामोडींची नोंदवही, उघडला. त्यात लाल गोळे आणि पिवळे त्रिकोण यांची रांगच्या रांग. "हे सगळे तुमच्या मेलवरचे हल्ले." प्रत्यक्षात धडधाकट कॉम्प्युटरवरही ही यादी अशीच दिसते. त्यातली १००१६ क्रमांकाची, विंडोजच्याच डिस्ट्रिब्युटेडकॉम या अंतर्गत भागाची नोंद तर इतकी नेहमीची आहे की तिच्याकडे दुर्लक्ष करा असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगतं. मग काळी खिडकी उघडून त्याने नेटस्टॅट ही कमांड चालवली. नेटवर कोणकोणती जोडणी सुरू आहे ते ती दाखवते, आणि पलीकडच्या टोकाच्या रकान्याचं नाव असतं 'फॉरिन अ‍ॅड्रेस'. कर्सर त्यावर गोल गोल फिरवत तो म्हणाला, "बघा मॅडम, बाहेरच्या देशातले लोक आत बसलेत." त्या यादीत मुळात त्याचीच जोडणी असणार, पण ते कोण सांगणार!

पैसे कार्डावरून घेतले. "आता डीप रिपेअर सुरू होईल, स्क्रीन काळी पडेल, माउसला हात लावू नका." स्क्रीन बराच वेळ काळी राहिली. मग उजेड आला आणि २०१७ चा फोल्डर एकदम ठणठणीत. बिलाच्या मेलमध्ये बिल, कराराच्या मेलमध्ये करार. त्याने आभार मानले, मीही मानले.

भांडं फुटलं ते रिसायकल बिनमध्ये. दुसरंच काहीतरी शोधायला तो उघडला तर '२०१७ डॉट एमएसएफ' नावाची फाइल पडलेली. काही केबींची. रिसायकल बिनमध्ये प्रत्येक फाइलपुढे ती कुठून आली आणि कधी डिलीट झाली ते दिसतं. ठिकाण माझ्या थंडरबर्डच्या प्रोफाइल फोल्डरमधलं (मेल आणि सेटिंग सगळं यातच असतं), वेळ बरोबर त्या काळ्या स्क्रीनमधली. म्हणजे डीप रिपेअर ते काय, तर एक एमएसएफ फाइल उडवली. दुरुस्तीचं एकूण काम तेवढंच.

मग एवढा वेळ स्क्रीन काळी कशाला ठेवली होती? रिमोट अ‍ॅपच्या नोंदींमध्ये फाइल ट्रान्सफरचा वेगळा इतिहास सापडला आणि पोटात गोळा आला. 'लोकल फोल्डर्स'मधल्या आर्काइव्हच्या फाइली आणि त्यांच्यासोबत दोन लहान फाइली, 'लॉगिन्स डॉट जेसन' आणि 'की ४ डॉट डीबी', पलीकडे गेल्या होत्या. थंडरबर्डमध्ये साठवलेले पासवर्ड याच दोन फाइलींत असतात. एकीत कुलूपबंद पासवर्ड, दुसरीत किल्ली. साठवलेल्या पासवर्डांवर प्रायमरी पासवर्ड, म्हणजे वरचं आणखी एक कुलूप, लावलेला नसेल तर दोन्ही हातात आलेल्या माणसाला पासवर्ड वाचायला फारसे कष्ट पडत नाहीत. आणि एमबॉक्स म्हणजे साधं टेक्स्ट. नोटपॅडमध्ये उघडलं तरी वाचता येतं, त्याला कुलूपच नाही. प्रायमरी पासवर्ड फक्त पासवर्डांना झाकतो, मेलना नाही.

घेतलेले पैसे या सगळ्यापुढे किरकोळ. आर्काइव्हमध्ये माझ्या ओळखपत्रांच्या प्रती होत्या, बँकेची स्टेटमेंट होती, कोणत्या साइटवर माझं खातं आहे हे सांगणाऱ्या असंख्य मेल होत्या, आणि ग्राहकांशी झालेला वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार होता. वापर झाला तो या शेवटच्याचा. माझ्या एका जुन्या ग्राहकाला 'माझी' मेल गेली. नवी नव्हे, आमच्याच जुन्या संभाषणाला उत्तर म्हणून. खाली आमचा खरा पत्रव्यवहार, वर माझ्याच धाटणीत चार ओळी: खातं बदललंय, यापुढचं बिल या खात्यावर भरा. त्या बाई व्यवहाराला चोख, त्यांनी पैसे भरायच्या आधी मला फोन केला. नाहीतर त्यांचेही पैसे गेले असते आणि संबंधही. ही मेल माझ्याच पत्त्यावरून गेली होती. वेबमेलमध्ये लॉगिन करून पाहिलं तर येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत एका अनोळखी पत्त्यावर फॉरवर्ड होत होती, आणि त्या ग्राहकाची उत्तरं थेट ट्रॅशमध्ये टाकणारा एक फिल्टर लावून ठेवला होता. हे थंडरबर्डमध्ये कुठेच दिसत नाही. फॉरवर्डिंग सर्व्हरवर होतं, म्हणून ब्राउझरमधून खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊनच तपासावं लागतं.

कोणी आत्ता याच फेऱ्यात असेल तर आधी कॉम्प्युटरचं नेट तोडा. रिमोट अ‍ॅप काढून टाका, पण त्याच्या नोंदींची प्रत घेतल्यावर. रिसायकल बिन रिकामा करू नका आणि घाबरून फॉरमॅट तर मुळीच मारू नका, तक्रारीसाठी हाताशी पुरावा तोच असतो. मेलचा पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून बदला, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, बाहेरच्या अ‍ॅप्सना दिलेल्या परवानग्या रद्द करा, कारण थंडरबर्ड काही खात्यांमध्ये पासवर्डाऐवजी परवानगीची टोकन साठवतं आणि तीही त्याच फाइलींत असतात. रिकव्हरीचा फोन आणि मेल तुमचाच आहे ना, ते बघा. फॉरवर्डिंग आणि फिल्टर मी वर सांगितलेच. कार्ड लगेच ब्लॉक करा. माझ्या कार्डावर नंतर 'आर्काइव्ह प्रोटेक्शन लायसन्स'च्या नावाने आणखी एक रक्कम कापली गेली. ती बँकेने परत दिली. पहिली नाही दिली, कारण तिचा ओटीपी मीच टाकला होता.

खरं तर आर्काइव्हच्या बहुतेक तक्रारींमध्ये मेल कुठेच गेलेल्या नसतात. थंडरबर्डमध्ये नुसतं 'ए' हे अक्षर दाबलं तरी निवडलेली मेल आर्काइव्ह होते. शोधायच्या चौकटीत टाइप करतोय असं समजून भलतीकडेच टाइप केलं की मेल नाहीशी. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल झेड. शिवाय वर्षवार फोल्डर असतील तर मेल तिच्या स्वतःच्या तारखेच्या वर्षात जाते. आज आर्काइव्ह केलेली जुनी मेल या वर्षाच्या फोल्डरमध्ये शोधून काय उपयोग? मेलची यादी गाळून दाखवणाऱ्या क्विक फिल्टरमध्ये 'अनरेड' चालू राहिलं की भरलेला फोल्डर रिकामा दिसतो. आणि आर्काइव्ह लोकल फोल्डरमध्ये जातंय की सर्व्हरवरच्या, हे प्रत्येक खात्यासाठी वेगळं ठरवलेलं असतं. अकाउंट सेटिंग्जमध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स'खाली ते दिसतं. शंका असेल तर मेनूतून हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथून प्रोफाइल फोल्डर उघडा आणि 'मेल'च्या आत 'लोकल फोल्डर्स'मध्ये फाइलीचा आकार बघा. फोल्डर रिकामा दिसतोय आणि फाइल शेकडो एमबींची आहे, तर घाबरायचं कारण नाही. काहीही करायच्या आधी थंडरबर्ड बंद करून हा अख्खा प्रोफाइल फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. जुन्या पेन ड्राइव्हवर मोठी फाइल जात नसेल तर तो ड्राइव्ह एफएटी ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल. त्याला ४ जीबीच्या वरची फाइल पेलत नाही, बिघाड तुमच्या आर्काइव्हमध्ये नाही.

आउटलुकवाल्यांनी निर्धास्त राहू नये. तिथल्या मेलच्या फाइलीला पीएसटी म्हणतात, आणि 'पीएसटी रिकव्हरी'च्या नावाखाली हाच धंदा चालतो: फुकटच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या मेल दिसतात, सेव्ह करायला गेलं की पैसे. क्लासिक आउटलुकबरोबर 'स्कॅनपीएसटी' नावाचं दुरुस्तीचं साधन फुकटच मिळतं. आधी ते चालवा. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

त्यांचा मला पुन्हा फोन आला, या वेळी आवाज दुसरा. कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत द्यायचे आहेत, फक्त बँकेची साइट उघडून स्क्रीन शेअर करा. ही पुढची पायरी. रिफंडच्या नावाने खात्यात शिरायचं, 'चुकून जास्त पैसे गेले' म्हणायचं आणि वरचे परत मागायचे. मी कंपनीचं नाव विचारलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला आणि मग त्याने मलाच विचारलं, "मॅडम, तुम्ही पैसे कोणाला भरले होते?"