डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठी चष्मा: तीन प्रकारच्या फ्रेम आणि बायफोकल

लहान मुलांच्या फ्रेमचा ट्रे समोर आला की आईबाबा रंग बघतात. मुलाला डाऊन सिंड्रोम असेल तर आधी ब्रिज बघा, म्हणजे दोन काचांना जोडणारा नाकावरचा भाग. या मुलांच्या नाकाचं हाड डोळ्यांमध्ये जवळजवळ सपाट असतं. डोकं पुढून मागे आखूड असतं आणि डोळ्यांमधल्या अंतराच्या मानाने रुंद. कान लहान, जरा खाली. साध्या फ्रेमला टेकायला नाकच मिळत नाही आणि काडी कानामागे लांब उरते. चष्मा घसरतो, मूल वरून बघतं. नंबर अगदी बरोबर काढला असला तरी तो डोळ्यासमोर नसतोच. ‘आमचं मूल चष्मा ठेवतच नाही’ या तक्रारीमागे हट्टापेक्षा फिटिंगच जास्त वेळा असतं.

काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ४२, १५, १२०. काचेची रुंदी, ब्रिज आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. या मुलांना चेहऱ्याला पुरेशी रुंद फ्रेम घेतली की काडी हमखास लांब येते. तेव्हा काडीचा बाक पुढे घ्यायला सांगा. तो कानाच्या वरच्या टोकालाच सुरू झाला पाहिजे. एक सेंटिमीटर मागे राहिला तरी चष्मा खाली येतो.

अखंड, रबरासारखी फ्रेम: बिजागरी नाही, धातू नाही, मागे इलॅस्टिकचा पट्टा. बाळांसाठी आणि नुकत्याच चालायला लागलेल्या मुलांसाठी हीच घ्यावी, कारण ओढली, चावली, अंगाखाली आली तरी टोचत नाही. उणीव एकच, पण मोठी: ब्रिज साच्यातून आलेला असतो, तो वाकवता येत नाही. म्हणून दुकानातच मुलाला हसवून बघा. गाल वर आले की फ्रेमही वर उचलली जात असेल, तर ती नाकावर नाही, गालांवर बसली आहे. ती घेऊ नका. पट्टा आवळून हा दोष झाकायला जाल तर पापण्यांचे केस काचेला घासतात आणि काच सतत धुरकट होते. पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे.

धातूची फ्रेम, सुटे सिलिकॉन नोजपॅड: चालत्याबोलत्या, शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आमची पहिली पसंती हीच. नोजपॅडच्या तारा जवळ आणल्या, पॅड खाली घेतले की फ्रेम वर चढते. तारा चेहऱ्याच्या बाजूला लांब काढल्या की काच पापण्यांपासून लांब राहते. हे काम हाताला सवय असलेला चष्मावाला पाच मिनिटांत करतो. पण मूल एका हाताने चष्मा ओढून काढतं आणि फ्रेम पुन्हा वाकडी होते. महिन्यातून एकदा फिटिंगला न्यावंच लागतं. विकत घेण्याआधीच विचारा की हे वारंवार करून देणार का. जो कुरकुरेल त्याच्याकडून घेऊ नका. पॅड पिवळे, कडक झाले की बदला, नाहीतर नाकावर वळ उठतात.

खास खालच्या ब्रिजची फ्रेम: अमेरिकेतल्या मारिया डेलापिना या ऑप्टिशियनने आपल्या मुलीच्या, एरिनच्या गरजेतून ‘एरिन्स वर्ल्ड’ फ्रेम बनवल्या. त्यात ब्रिजच खाली घेतलेला आहे, त्यामुळे काचेचा मध्य बाहुलीसमोर येतो. तिन्हींत रचना हीच सर्वांत बरोबर आहे. अडचण अशी की बाहेरून मागवली तर घालून बघता येत नाही. एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंतची रुंदी आणि बिजागरीपासून कानाच्या टोकापर्यंतचं अंतर चष्मावाल्याकडून मोजून घ्या, मगच मागवा.

काच पॉलीकार्बोनेटचीच असू द्या. मूल पडलं तर तुकडे होत नाहीत.

आता बायफोकल, म्हणजे एकाच काचेत वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर. डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांना जवळचं नीट फोकस होत नाही, दूरचा नंबर बरोबर दिला तरीही. कार्डिफ विद्यापीठात मॅगी वुडहाऊस यांच्या गटाने हे दाखवून दिलं आणि बायफोकलचा फायदाही मोजला. वहीतलं न दिसल्यामुळे मूल वही ढकलतं आणि शेरा मिळतो, ‘लक्ष देत नाही’. इथे तपासणीतली एक चूक फार महागात पडते: बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की फोकस करण्याची शक्ती तात्पुरती थांबते, त्यामुळे ही कमजोरी नंतर सापडतच नाही. जवळच्या वस्तूवर डायनॅमिक रेटिनोस्कोपी (मूल जवळचं बघत असताना डोळ्यात उजेड टाकून फोकस तपासणं) थेंबांच्या आधी करायची, दूरचा नंबर थेंबांनंतर. जवळसाठी दूरच्या नंबरात साधारण +२.५० ची भर लागते. डी-बायफोकल घ्या (यात जवळचा भाग आडव्या इंग्रजी डीसारखा, वरून सरळ असतो), आणि डीची वरची रेघ बाहुलीच्या मध्यावर येऊ द्या. मोठ्यांसारखी खालच्या पापणीशी ठेवली तर मूल त्यातून बघतच नाही. फ्रेम दोन मिलिमीटर घसरली तरी ही रेघ बिघडते, म्हणून आधी फ्रेम पक्की बसवून मगच खूण करायची.

फिटिंग करताना मूल मान फिरवत असेल तर चष्मावाल्याने डोकं धरून मागे रेटू नये. काही मुलांमध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. मुलाला मांडीवर घ्या, चष्मावाल्याला समोर खाली बसू द्या. श्रवणयंत्र असेल तर बारीक काडीची फ्रेम घ्या, कारण एवढ्याशा कानामागे दोन्ही मावायचं असतं.

पहिली नेत्रतपासणी सहा महिन्यांच्या आत हवी. जन्मतः मोतीबिंदू असू शकतो, त्यात उशीर चालत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (लहान मुलांमधले दोष लवकर शोधून उपचार करणारं सरकारी केंद्र) राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली ती मोफत होते. अक्षरं येत नसतील तर ली चिन्हांचा तक्ता मागा: सफरचंद, घर, गोल, चौकोन. हातात कार्ड देऊन जोडी लावायला सांगितली तर बोलता न येणारं मूलही उत्तर देतं.

किशोरवयात सिलिंडरचा (डोळ्याच्या वाकड्या गोलाईचा) नंबर वर्षात दोनदा वाढला, तर नवी काच बनवायला टाकू नका. आधी कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, टोपोग्राफी (त्याच्या आकाराचा नकाशा) करून घ्या. या मुलांमध्ये केराटोकोनस, म्हणजे हा पडदा पातळ होऊन पुढे येणं, बरंच जास्त आढळतं आणि डोळे चोळल्याने ते वाढतं. चोळण्यामागे अनेकदा पापण्यांच्या कडांची सूज असते: कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं मिटलेल्या डोळ्यांवर पाच मिनिटं ठेवा, मग कडेची खपली हलक्या हाताने पुसा. रोज.