मुंबईतला पूर्ण प्रयोग की पुण्यातलं शोइंग?

समकालीन नृत्य करणारा एखादा कलावंत आपल्या येत्या काही महिन्यांच्या तारखा जाहीर करतो, तेव्हा त्यात हमखास दोन गोष्टी असतात. एक, मुंबईतल्या मोठ्या नाट्यगृहातला पूर्ण प्रयोग. दुसरी, पुण्यातल्या एखाद्या स्टुडिओत पुढच्या, अजून घडत असलेल्या कामाचं शोइंग. नाशिकहून नोकरी आणि घर सांभाळून दोन्हींना जाणं फारसं जमत नाही. मला बहुतेक वेळा एकच निवडावं लागलं आहे.

प्रवासाचा हिशेब सोपा आहे. मुंबईला सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने आरामात जाता येतं, पण परतीची पंचवटी सहानंतर लगेच सुटते आणि आपला प्रयोग सात-साडेसातला सुरू होतो. मग रात्रीची गाडी, नाहीतर नातेवाइकांकडे मुक्काम. पुण्याला एसटीने सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत जायचं आणि चाकणच्या कोंडीत बसायचं. शोइंग दुपारी असलं तर मात्र त्याच रात्री नाशिकच्या द्वारका चौकात उतरता येतं.

पूर्ण प्रयोगाची श्रीमंती मी नाकारणार नाही. प्रकाशयोजना ही या नृत्यातली अर्धी रचना असते. काळोखातून एक खांदा उजळतो आणि तेवढाच नाचतो, हे ट्यूबलाइटच्या उजेडात दिसणं शक्य नाही. काही कामांना तर मोठा मंचच लागतो. कथक आणि कथकली दोन्ही शिकलेले अस्ताद देबू मणिपूरच्या पुंगवादकांना सोबत घेऊन नाचायचे. ढोल वाजवत हवेत झेप घेणारे ते वादक स्टुडिओच्या चार भिंतींत मावणार कसे? तुम्ही समकालीन नृत्य पहिल्यांदाच पाहणार असाल, तर कदाचित मुंबईच बरी.

माझं मत बदललं ते एका खुर्चीमुळे. एका कलावंताचं एकल काम मी आधी पुण्यात स्टुडिओत पाहिलं होतं. शेवटची दहा-बारा मिनिटं ती जमिनीवरच होती. कुशीवर वळायची, कोपरावर भार द्यायची, उठता उठता पुन्हा सैल पडायची. काही महिन्यांनी तेच काम पूर्ण होऊन मोठ्या नाट्यगृहात आलं. मी हौसेने महागडं तिकीट काढलं, पाचवी रांग. मंच उंच, खुर्च्यांना उतार जवळपास नाही, पुढे दोन उंच डोकी. ती जमिनीवर गेली आणि माझ्यासाठी नाहीशीच झाली. मध्येच एक हात वर यायचा, कधी गुडघा. जे पाहायला एवढा प्रवास केला होता, ते मी आठवणीतून पुरं करत बसलो.

आपली नजर मराठी नाटकावर तयार झालेली आहे. नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात नाटक पाहताना पात्रांचे पाय दिसले नाहीत तरी काही बिघडत नाही, चेहरा आणि शब्द पोचले की झालं. कथकमध्ये शरीर ताठ उभं असतं, भरतनाट्यममध्ये अर्धं बसलेलं. समकालीन नृत्यात मात्र ते वजन सोडून खाली जातं. अमेरिकन नर्तिका मार्था ग्रॅहम यांच्या पद्धतीत तर पडणं रीतसर शिकवतात. १९७२ च्या सुमारास अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी सुरू केलेल्या 'कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन'मध्ये दोन शरीरं एकमेकांवर भार टाकत जमिनीवर लोळतात. अशा नृत्यात जमीन दिसली नाही, तर दुसरं पात्रच दिसलं नाही.

बाल्कनीचं तिकीट हा उपाय आहे, मी करूनही पाहिला. जमीन स्वच्छ दिसते, पण श्वास ऐकू येत नाही. स्टुडिओत तो येतो. विनाइलच्या मॅटवर तळवा घासल्याचा आवाज येतो, आणि पडण्याआधी पोट कसं आत जातं तेही दिसतं.

शोइंगमध्ये उणिवा आहेतच. संगीत साध्या स्पीकरवर असतं. एखादा भाग अजून बसलेला नसतो, मग कलावंत थांबून 'इथे पुढे काहीतरी येईल' म्हणतो. नंतरची चर्चा कधी कधी कामापेक्षा लांबते. तरीही 'हा भाग मी काढू का?' असं त्याने आपल्याला विचारणं आणि आपण 'नको' म्हणणं, हे मला मोठ्या नाट्यगृहात कधी मिळालेलं नाही.

मुंबईचा प्रयोग नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातल्या एक्सपेरिमेंटल थिएटरमध्ये असेल, तर माझी तक्रार बरीचशी गळून पडते. साधारण तीनशे जणांची जागा आहे आणि बैठक हवी तशी मांडता येते. तिथली तारीख दिसली तर मीही मुंबईचाच विचार करेन. एरवी माझी एसटी पुण्याची.

पुण्याला गेलात तर भिंतीकडच्या खुर्च्या ज्येष्ठांसाठी सोडा आणि पुढे सतरंजीवर, थोडं कडेला बसा. तिथून नाचणाऱ्याची पाठही दिसते.