कादंबरी प्रकरणाप्रकरणाने शिकवावी की आधी पूर्ण वाचू द्यावी?

वर्गात कोणती कादंबरी घ्यायची हे ठरलं की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. मला पुढचा प्रश्न जास्त जड गेला. रोज एक प्रकरण वाचून त्यावर प्रश्न घ्यायचे, की मुलांना तीन आठवडे देऊन अख्खी कादंबरी वाचू द्यायची आणि मगच चर्चेला बसायचं? मी दोन्ही करून पाहिलंय, पहिलं तर बरीच वर्षं.

प्रकरणवार शिकवण्याचे फायदे खरे आहेत. कोण मागे पडलं ते त्याच दिवशी कळतं. अनोळखी काळ, अवघड शब्द, एकदम आलेली सात-आठ पात्रं, सगळं तिथल्या तिथे उलगडून सांगता येतं. शिवाय तुकडे पाडले म्हणून कादंबरी मरते असंही नाही. इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची पहिली कादंबरी १८३६-३७ मध्ये महिन्याच्या हप्त्यांनीच वाचकांच्या हाती पडली होती. फक्त त्या वाचकांना हप्ता संपल्यावर दहा प्रश्नांची उत्तरं लिहावी लागत नव्हती, आणि हातात आलेला पुढचा भाग उघडू नका असं कोणी बजावत नव्हतं.

माझं घोडं अडलं ते इथेच. ‘पुढचं वाचू नका’ हे वाक्य प्रकरणवार शिकवताना बोलावंच लागतं, नाहीतर ‘आता काय होईल असं वाटतं?’ हा प्रश्न विचारता येत नाही. एका वर्षी एका मुलीने कादंबरी दोन रात्रींत संपवली. दुसऱ्या दिवशी मी हाच प्रश्न विचारला आणि तिने हात वर केला. ‘तू नको, तुला माहीत आहे,’ मी म्हणालो. तिने हात खाली घेतला, आणि ती कादंबरी संपेपर्यंत तिचा हात पुन्हा वर आला नाही. वाचनाच्या तासाला मी एका मुलीला वाचल्याबद्दल गप्प बसवलं होतं. ते आजही मला बोचतं.

त्यानंतर मी बाकीच्या मुलांकडेही नीट पाहू लागलो. बरीच जण आधी स्वाध्यायातले प्रश्न वाचत आणि मग उत्तर सापडेपर्यंत प्रकरण चाळत. वाचून झाल्यावर पदरात काय पडेल यासाठी केलेलं वाचन आणि वाचताना मनात जे घडतं त्यासाठी केलेलं वाचन, असा फरक वाचनाच्या अमेरिकी अभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांनी १९७८ मध्ये मांडला होता. माझ्या वर्गात पहिलंच चाललं होतं.

आता मी सुरुवातीची दोन प्रकरणं स्वतः मोठ्याने वाचतो, शेवटची तारीख देतो आणि जिथे थबकायला झालं तिथे चिठ्ठी लावायला सांगतो. बस्स. चर्चेच्या पहिल्या तासात ‘काय झालं’ ते मिटतं. दुसऱ्या दिवसापासून ‘का झालं’ सुरू होतं. ‘सर, तो पहिल्या प्रकरणातही खोटंच बोलत होता!’ असं एकाने म्हटलं आणि सगळ्यांनी पानं मागे उलटली. शेवट माहीत असल्याशिवाय हे वाक्य सुचणंच शक्य नाही.

त्रास आहेच. तीन आठवडे हातात काही नसल्यासारखं वाटतं. काहींचं वाचन अर्ध्यावरच राहतं आणि त्यांना शेवट चर्चेतून कळतो, याचं मला वाईट वाटतं. अशा मुलांबरोबर मी मधल्या आठवड्यात बसून वाचतो, तरी सगळे पोहोचतातच असं नाही. तुमच्या वर्गात सलग लांब वाचायची सवय नसलेली मुलं जास्त असतील, तर प्रकरणवार पद्धत कदाचित तुम्हाला बरी पडेल. मीही तिला चूक म्हणणार नाही. पण तेव्हाही पुढे गेलेल्यांना पुढे जाऊ द्या आणि त्यांना विचारायला वेगळे प्रश्न ठेवा.

छोटे वाचनगट करून प्रत्येकाला प्रश्न काढणारा, सारांश सांगणारा अशी भूमिका वाटून देणं हा तिसरा मार्ग. तो मी फार वापरला नाही. भूमिकेचा कागद भरण्यातच माझ्या मुलांचा वेळ गेला.

आधी पूर्ण वाचू द्यायचं ठरवलंत, तर पहिल्या खेपेला दीडशे पानांच्या आतली कादंबरी घ्या, आणि चर्चेसाठी लागोपाठच्या दिवसांचे चार तास आधीच राखून ठेवा. मी दोनच ठेवले होते, ते पुरले नाहीत.